वहिनींना बोट लागते

वहिनींना बोट लागते हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. लग्नानंतर दादांनी मोठ्या हौसेनं बायकोला आपल्या होडीतून खाडीत फिरवायला नेलं होतं. धक्का नजरेआड व्हायच्या आत तिच्या नव्या कपड्यांची वाट लागली. पुढे मुलगी लहान असताना तिच्या हट्टापायी वहिनी परत एकदा होडीत बसल्या, तेव्हा तर होडी अजून दोरानं बांधलेलीच होती. तरी व्हायचं ते झालंच. धक्क्यावरचे लोक ती गोष्ट इतक्या वर्षांनीही मीठमसाला लावून सांगत. वहिनीसुद्धा हसत. त्यांनी समुद्राशी दुरूनच ओळख ठेवायचं ठरवलं आणि शिलाई मशीन खिडकीशी मांडलं.

धक्क्याकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत मशीन, कात्र्या, कापडाचे गठ्ठे. खिडकीतून खाडीचं मुख आणि पलीकडचा काळा खडक दिसे. वहिनी पडदे शिवत, शाळेचे गणवेश शिवत, दुकानांवरच्या ताडपत्र्यांना दुहेरी शिलाई घालून देत. दादा किनाऱ्यालगतची मासेमारी करत. मोठ्या बोटींवर जायला त्यांना कितीदा तरी बोलावणं आलं, पण ते म्हणायचे, "ज्या पाण्यातून माझ्या घराचं छप्पर दिसत नाही, त्या पाण्यात माझं काय काम?" होडी लहान, मागे दोरी ओढून सुरू होणारं इंजिन, एक मोठं जाळं, एक छोटं, आणि गळाच्या दोऱ्या. एवढ्यावर त्यांचं आयुष्य चाललं होतं आणि त्यांना त्यात काही कमी वाटत नव्हतं.

ऐन हिवाळ्यात एका सकाळी दादांच्या हातातून चहाचा कप सुटला. वहिनी ओरडणार होत्या, पण तोंडाकडे पाहिलं आणि धावत जवळ गेल्या. दादांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय नावापुरते उरले होते. बोलणंही गेलं होतं. पण सगळं गेलं असतं तर एक वेळ बरं, अशी गत झाली. एकच शब्द शिल्लक होता, आणि तो होता 'बादली'. पाणी हवं असलं तरी बादली. मुलीचा फोन आला तरी बादली. राग आला की मोठ्यानं बादली. त्यांना आतून सगळं समजत होतं, ओठांवर मात्र तेवढं एकच यायचं, आणि ते आलं की स्वतःचंच ऐकून ते डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, त्यांच्या आवडीच्या गोष्टींबद्दल बोलत राहा. पण वहिनींनी समुद्राचं नाव काढलं की दादा भिंतीकडे तोंड करत. खिडकी लावून घ्यायची खूण करत. वहिनी लावत. मग त्या अंधुक खोलीत मशीन चालवायचं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच.

असे काही आठवडे गेले आणि एक दिवस दादांचा धाकटा भाऊ आला. त्याची स्वतःची होडी होती. मनानं चांगला, तोंडानं फटकळ. तो दाराशीच उभा राहून म्हणाला, "वहिनी, एक बोलतो, राग मानू नका. दादाची होडी किनाऱ्यावर सुकतेय. फळ्या उकलायला लागल्या. होडी पाण्यात नसली की तिचं लाकूड होतं. मी घेऊन जातो, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकू."

पलंगावरून आवाज आला. "बादली!" दादांनी डावी मूठ भिंतीवर आपटली. मग परत आपटली. प्लास्टरचा टवका खाली पडला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून बादली, बादली चाललं होतं.

वहिनी मशीनवरून उठल्या. त्या क्षणापर्यंत त्यांनी काही ठरवलेलं नव्हतं. पण ही होडी गेली तर पाठोपाठ हा माणूसही जाईल, हे त्यांना त्या मुठीत दिसलं.

"होडी पाण्यात जाईल, भावजी," त्या म्हणाल्या. "मी नेते."

दिराला हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला. "वहिनी! अहो, तुम्हाला बोट लागते!"

"लागू दे की. मला लागते ना? माशांना तर नाही लागत. तुम्ही फक्त इंजिन कसं सुरू करायचं ते दाखवा."

चार दिवसांत हौस फिटेल या हिशेबानं दिरानं शिकवायचं कबूल केलं. खाडीच्या शांत पाण्यात तो त्यांना घेऊन जाई. वहिनी एक हात सुकाणूवर ठेवत आणि उरलेला वेळ कडेवरून वाकून असत. तो म्हणे, "फिरवू का मागे?" त्या तोंड पुसून म्हणत, "वळवायचं कसं ते सांगत होतात तुम्ही." इंजिन त्यांना लवकर उमगलं. इतकी वर्षं मशीन उघडून, साफ करून, तेल देऊन चालवलं होतं. हे जरा जास्त आवाज करणारं, एवढाच फरक. पोट मात्र काही केल्या ऐकेना. आलं चघळून झालं, लिंबू हुंगून झालं, उपाशीपोटी जाऊन झालं. शेवटी त्यांनी पोटाशी तह केला. त्यानं त्याचं काम करावं, त्या त्यांचं करतील.

मागे दादांपाशी कोण थांबणार, हा प्रश्न बर्फवाल्यानं सोडवला. तो शेजारीच राहायचा. हातगाडीवरून धक्क्यावर बर्फाच्या लाद्या पोचवायचा आणि सकाळचं काम उरकलं की रिकामाच असायचा. बोलायला त्याला समोर माणूस लागे, उत्तर नाही मिळालं तरी चाले. "दादांसारखा श्रोता शोधून सापडणार नाही," असं तो खुद्द दादांसमोर म्हणे, आणि दादा डाव्या हातानं त्याच्यावर उशी फेकत.

पहिल्यांदा एकट्या निघाल्या त्या दिवशी वहिनी दारात चप्पल घालत होत्या. दादा पलंगावरून म्हणाले, "बादली."

"हो, लवकर येते."

"बादली!"

"अहो, औषध उशाशी ठेवलंय."

दादांनी कपाळावर हात मारला आणि न्हाणीघराकडे बोट दाखवलं. तिथे निळी बादली होती. मग पोटावर हात ठेवून त्यांनी ओकारीचा अभिनय केला. वहिनी आधी पाहतच राहिल्या, मग दाराला टेकून इतक्या हसल्या की बर्फवाला धावत आला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्या शब्दाचा अर्थ तोच होता. वहिनी बादली घेऊन गेल्या.

मासे मात्र काही मिळाले नाहीत. हिवाळ्यातलं पाणी काचेसारखं नितळ. तळाची वाळू दिसत होती, वाळूवर पडलेली होडीची सावली दिसत होती, आणि त्यात वहिनींनी भर दुपारी जाळं टाकलं. जे आपल्याला दिसतं ते माशांनाही दिसतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. जाळ्यात आलं ते शेवाळ आणि एक फुटका डबा. घरी येऊन त्यांनी ते सगळं दादांना सांगितलं, काही न लपवता, डब्यासकट. दादा भिंतीकडे तोंड करून पडले होते. हळूहळू मान वळली. त्यांनी डाव्या हातानं पांघरूण धरलं आणि हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मग वहिनींकडे बघत राहिले.

"थंडी वाजतेय?"

मान हलली. नाही. परत पांघरूण खाली, परत वर. मग बोटानं खाली, पलंगाखाली, जमिनीकडे.

वहिनींना जरा वेळ लागला. "त्यांना थंडी वाजतेय? माशांना? ते खाली जाऊन बसलेत, खोल?"

दादांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी काळ्या खडकाच्या पोटाशी, जिथे पाणी गर्द हिरवं होतं, तिथे शिसं बांधलेली दोरी तळापर्यंत सोडली. दुपार कलली तरी दोरी हलली नाही. पाणी थंड असलं की मासा सुस्त असतो, तो धावत येत नाही. त्याच्या तोंडापाशी घास न्यावा लागतो आणि मग तो सावकाश विचार करतो. वहिनींना सुई ओवायची सवय होती. त्या वाट बघत राहिल्या. निघता निघता तळातून दोन चपटे लेप मासे आले, ताटलीएवढे. त्यांनी ते घरी आणून सरळ दादांच्या पांघरुणावर ठेवले. त्या संध्याकाळी दादांनी स्वतः खिडकीकडे बोट दाखवलं. उघड, म्हणून.

तेव्हापासून दोघांची एक भाषा झाली. थंडी सरली आणि पाणी कोमट व्हायला लागलं तसे दादा खिडकीतून पक्ष्यांकडे बोट दाखवत. पक्षी एका जागी घिरट्या घालून सूर मारत असले की खाली तारली, छोट्या माशांची झुंड, आली आहे आणि तिच्या मागे मोठे मासे आहेत. सकाळचा वारा जमिनीकडून वाहतो, दुपारनंतर समुद्राकडून. तो फिरायच्या आत परत यायचं, हे ते पडद्याकडे बघून सांगत. पडदा आत फुगला की वेळ संपली. उन्हाळा तापला तेव्हा वहिनी सूर्य वर यायच्या आधी निघू लागल्या. दिवसा मासे धक्क्याच्या खांबांच्या सावलीत नाहीतर खडकांच्या कपारीत दडून बसत. त्या दिवसांत जाळ्यात जेलीफिशचा लगदा येई. हात असे चुरचुरत की रात्री मशीनवर कापड धरवत नसे. वहिनींनी कोपरापर्यंत ताडपत्रीचे हातमोजे शिवले. धक्क्यावर आधी हसू झालं, मग दिरानं गुपचूप येऊन स्वतःसाठी एक जोडी मागितली.

"माप द्या," वहिनी म्हणाल्या. "आणि हसलात त्याबद्दल एक दिवस माझं इंजिन साफ करून द्या."

वादळांचे महिने आले तशा सगळ्यांच्याच होड्या वर ओढल्या गेल्या. नदीला गढूळ पाणी आलं आणि खाडी चहाच्या रंगाची झाली. बाहेर जाणं म्हणजे जीव द्यायला जाणं. पण वहिनी घरात बसल्या नाहीत. गढूळ पाण्यात कोळंबी आणि खेकडे कडेला येतात, हे दादांनी बोटांच्या नांग्या करून सांगितलं होतं. गुडघाभर चिखलात उभं राहून छोटं जाळं फेकायला होडी लागत नाही. तिथे पोटही शांत राही. वहिनींना वाटलं, मासेमारी असावी तर अशी. पण त्यांनी ते दादांना सांगितलं नाही.

मग पाणी निवळलं. वर्षातले सगळ्यात चांगले दिवस हेच. पाऊस थांबलेला, पाणी उबदार, आणि बांगड्यांचे थवे किनाऱ्याच्या इतके जवळ येतात की पाण्यावर सुरकुत्या पडलेल्या घरातून दिसतात. सगळं बंदर अंग झटकून उठलं. एका सकाळी भरती पूर्ण भरली होती, वारा अजिबात नव्हता. वहिनी जाळं खांद्यावर घेऊन निघाल्या तेव्हा दादांनी त्यांची बाही पकडली.

"बादली," ते म्हणाले. हलक्या आवाजात. बोट खडकाकडे होतं.

खडकाशी काहीच नव्हतं. फक्त अधूनमधून एक लांबलचक, गुळगुळीत लाट येई, खडकावर चढे आणि उतरे. फेस नाही, आवाज नाही.

"अहो, वाराच नाहीये. पडदा बघा, हललाय का तरी?"

दादांनी बाही सोडली नाही.

वहिनींनी ती हळूच सोडवली. "भावजी गेलेत, सगळे गेलेत. थवा आज आहे, उद्या नसेल. येतेच मी."

बाकीच्या होड्या जाळं एकदा भरताच फिरल्या. वहिनींनी दुसऱ्यांदा टाकलं. हात चंदेरी झाले होते, होडी पाण्यात खोल बसली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मळमळ विसरल्या होत्या. मान वर केली तेव्हा खाडीचं मुख पांढरं झालं होतं.

दूर कुठेतरी समुद्रात वादळ झालं होतं. त्याच्या लाटा आता पोचत होत्या, वाऱ्याशिवाय, एकापाठोपाठ एक. ओहोटी लागली होती. खाडीतून बाहेर धावणारं पाणी आणि बाहेरून आत येणाऱ्या लाटा मुखाशी एकमेकांवर आदळत होत्या. जिथून सकाळी त्या आरामात बाहेर पडल्या होत्या, तिथे भिंती उभ्या राहून कोसळत होत्या.

खाडीच्या मुखाशी पाण्यात गेलेल्या दगडी बांधावर माणसं जमली. दीर पुढे येऊन दोन्ही हात हलवत होता. ये, आत ये, आणखी वाढायच्या आत ये! आवाज पोचत नव्हता, पण हात स्पष्ट दिसत होते. वहिनींनी होडी वळवली. एक लाट मागून उचलून गेली आणि होडी आडवी होता होता राहिली. त्यांनी दोन्ही हातांनी सुकाणू आवळलं.

तेवढ्यात गल्लीतून हातगाडी आली. बर्फवाला जीव खाऊन ढकलत होता. गाडीवर ओल्या गोणपाटांवर दादा बसलेले, डाव्या हातानं कठडा धरून. कप सुटल्या दिवसापासून दवाखाना सोडला तर त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. गाडी बांधाच्या टोकाला लागली. दादांनी कठडा सोडला, हात सरळ वर केला आणि पंजा समुद्राकडे धरला.

थांब.

एकीकडे दिराचे दोन हात बोलावत होते आणि त्याच्या शेजारी तो एक पंजा हलत नव्हता. वहिनींनी पंजाकडे पाहिलं. होडी परत बाहेर वळवली, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे नेली, नांगर टाकला आणि तिचं नाक लाटांकडे करून बसल्या. नंतर त्यांना जाणवलं की होडी फार जड आहे. मग त्या दोन्ही हातांनी बांगडे परत पाण्यात लोटायला लागल्या. बांधावरून लोक बघत होते. इतक्या लांबूनही ती चमक दिसत होती.

आता पोटाला आठवण झाली. ओहोटी सरेपर्यंत वहिनी त्या झुल्यात बसून राहिल्या. बादलीवर वाकायच्या, तोंड धुवायच्या, नांगराचा दोर तपासायच्या, पंजाकडे बघायच्या. दादांचा हात दुखला असणार. मध्येच बर्फवाला खालून कोपराला आधार देऊन उभा राहिला. रडायला येत होतं. पण रडलं की समोरचं दिसत नाही, म्हणून त्यांनी रडणं पुढे ढकललं.

ओहोटी संपली. पाणी क्षणभर घुटमळलं आणि आतल्या बाजूला सरकू लागलं. मुखाशी अजून लाटा होत्या, पण आता त्या उभ्या राहत नव्हत्या, लोळण घेत होत्या. दादांनी एक मोठी लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, तिसरीही जाऊ दिली आणि हात खाडकन खाली आणला.

वहिनींनी नांगर उचलला. मागे पाहिलं नाही. लाटेच्या पाठीवर बसून, इंजिन पूर्ण वेगात सोडून, त्या मुखातून आत शिरल्या आणि धक्क्याला अशा काही जोरानं लागल्या की एक फळी तडकली.

दिरानं दोर धरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "वहिनी, मी बोलावत होतो ते..."

"जिवाच्या भीतीनं बोलावत होतात, भावजी. माहीत आहे मला."

त्या लटपटत हातगाडीपाशी गेल्या. दादांचे ओठ हलत होते. जबडा थरथरत होता, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, आता येणार बादली.

"उशीर," दादा म्हणाले. मग स्पष्ट, रागानं, पुन्हा एकदा: "उशीर!"

वहिनी गाडीच्या कठड्यावर डोकं टेकून तेव्हा कुठे रडल्या.

त्यानंतर शब्द आले, पण हप्त्याहप्त्यानं. पुढच्या हिवाळ्यापर्यंत दादांकडे ओंजळभर शब्द झाले, त्यांतले निम्मे रागवायचे. दिरानं तडकलेली फळी बदलली आणि मागच्या बाजूला पाठ टेकायला एक लाकडी बैठक ठोकून दिली. शांत दिवस बघून दीर आणि बर्फवाला दादांना उचलून होडीत बसवत. डाव्या हातात सुकाणू. वहिनी पुढे, जाळ्यापाशी. त्यांची मळमळ काही गेली नाही, कधीच जाणार नाही. त्या वाकल्या की दादा इंजिन मंद करतात, एवढंच.

या वर्षी थंडी लवकर संपली. पाणी वेळेआधीच कोमट झालं आणि तारली आलीच नाही. पक्षी रिकामे फिरून खडकावर बसून राहतात. धक्क्यावरचे लोक रोज सकाळी समुद्राकडे बघून कपाळाला आठ्या घालतात. काल दोघं रिकाम्या हातांनी परतली, परवाही तसंच झालं होतं. होडी बांधताना दादांनी भुवया उंचावून विचारलं, "उद्या?"

वहिनींनी ओलं जाळं पिळलं, झटकलं आणि वाळत घातलं. "उद्या खडकाच्या पलीकडे टाकू," त्या म्हणाल्या. "तिकडचं पाणी अजून थंड आहे. मी हात घालून बघितलंय."

दादांनी नाक मुरडलं. पलीकडे त्यांनी आयुष्यात कधी जाळं टाकलं नव्हतं.

"तुम्ही नका येऊ हवं तर," वहिनी म्हणाल्या, "मी जाते."

"येतो," दादा म्हणाले.